डाव्या बाजूपासून सुरुवात

पुण्यात नोकरी करणाऱ्या अडतीस वर्षांच्या एका वाचकांचे पत्र आले आहे. वार्षिक तपासणीत त्यांचे एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा) ६.१ निघाले, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, वाढलेले आढळले आणि डॉक्टरांनी भाज्या वाढवायला, तळलेले व मैद्याचे पदार्थ कमी करायला सांगितले. अडचण अशी की लहानपणापासून ते भाज्या खात नाहीत. बटाट्याच्या काचऱ्या, वरण-भात-तूप, पोळी, पनीर, पोहे, पावभाजी, कोथिंबीर वडी आणि कांदाभजी एवढ्यावरच त्यांचे जेवण चालते. भेंडी, दुधी, पडवळ आणि पालेभाज्या तर नाहीतच, पण आमटीतली टोमॅटोची फोडसुद्धा ते बाजूला काढून ठेवतात. लहानपणी घरी "पानात टाकायचे नाही" हा नियम कडक होता. सातवीत असताना अशाच बळजबरीने शेपूची भाजी गिळल्यावर त्यांना उलटी झाली होती. आता पत्नीला रोज दोन भाज्या कराव्या लागतात, आई "एवढा घोडा झालास तरी" म्हणून टोकत राहते, समारंभांत संकोच वाटतो आणि पाच वर्षांची मुलगी "बाबा खात नाहीत, मग मी का खाऊ?" असे विचारू लागली आहे. गेल्या दोन महिन्यांत त्यांनी बागेबाहेर मिळणारा कारल्या-दुधीचा रस नाक दाबून पिऊन पाहिला. तीस दिवस फक्त उकडलेल्या भाज्या खाण्याचा संकल्प चौथ्या दिवशी मोडला. पत्नीने न सांगता कणकेत पालक मिसळल्याचे कळल्यावर घरात वाद झाला. ते विचारतात : माझ्यात इच्छाशक्तीच नाही का? या वयात जिभेची आवड बदलते का? की भाज्या औषध म्हणून गिळण्याला पर्यायच नाही?

उत्तर :

तुमच्या पत्रातल्या एका विसंगतीपासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नाची किल्ली तिथेच आहे. तुम्ही लिहिता की तुम्ही भाज्या खात नाही, आणि पुढच्याच वाक्यात पावभाजी आणि कोथिंबीर वडी आवडत असल्याचे सांगता. पावभाजीत फ्लॉवर, मटार, ढोबळी मिरची आणि भरपूर टोमॅटो असतो. कोथिंबीर तर पालेभाजीच आहे, आणि वडीसाठी ती जुडीच्या जुडी चिरून घालावी लागते. याचा अर्थ ज्या फ्लॉवरचा तुकडा तुम्ही रस्सा भाजीतून वेचून बाहेर काढता, तोच घोटून एकजीव झाला की तुम्ही आनंदाने खाता. ज्या हिरव्या पाल्याच्या वासाने जेवण नकोसे होते असे तुम्हाला वाटते, तोच पाला बेसनात वाफवून तव्यावर खरपूस परतला की तुम्ही आणखी मागून घेता.

मग तुम्ही नेमके टाळता काय? तुमची नावडती यादी मी तुमच्याच शब्दांत पुन्हा पाहिली : भेंडी "बुळबुळीत", दुधी "गिळगिळीत", पालेभाजी "ओली आणि लिबलिबीत", टोमॅटो "मध्येच मऊ लागतो". यात कडू, आंबट किंवा तुरट हा शब्द एकदाही आलेला नाही. तुमची तक्रार चवीबद्दल कमी आणि स्पर्शाबद्दल जास्त आहे. अन्न दाताखाली आणि टाळूला कसे लागते, एकसारख्या घासात अचानक वेगळा मऊ तुकडा येतो का, याच्याशी तिचा संबंध आहे. मोठ्या वयातही खाण्याबाबत चोखंदळ असलेल्या अनेकांचे असेच असते, परंतु लहानपणापासून "ह्याला भाज्या आवडत नाहीत" हे एकच वाक्य ऐकत आल्यामुळे ते स्वतःही तेच वाक्य खरे मानून बसतात. ते वाक्य तुम्ही आता सोडून द्यावे आणि त्याच्या जागी अधिक नेमके वाक्य वापरावे : "मला मऊ, ओल्या पोताच्या भाज्या खाणे अवघड जाते." पहिल्या वाक्यापुढे काहीच करता येत नाही, पण दुसऱ्यापुढे बरेच काही करता येते, कारण पोत हा बऱ्याच अंशी चिरण्यावर, आचेवर आणि झाकणावर अवलंबून असतो.

आता इच्छाशक्तीचा मुद्दा. तुमच्या पत्रातले जे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले, ते तुम्ही जाता जाता लिहिले आहे : सातवीतली ती शेपूची भाजी. मळमळ आणि चव यांची गाठ मेंदू फार पक्की बांधतो, आणि त्यासाठी त्याला एकच प्रसंग पुरतो. १९५० च्या दशकात जॉन गार्सिया या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत हे दाखवून दिले होते. एखाद्या चवीनंतर प्राणी आजारी पडला की तो ती चव पुढे टाळतो, आजाराचे कारण दुसरेच असले तरीही. विषारी वनस्पतींच्या जगात जिवंत राहण्यासाठी ही व्यवस्था उपयोगाचीच होती. तुमच्या बाबतीत तिने एवढेच केले की बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या मनात पालेभाजी, रडू, वडीलधाऱ्यांचा धाक आणि उलटी या चारही गोष्टी एका मुठीत बांधून ठेवल्या. आज पालेभाजीचा वास आल्यावर घसा आवळतो तो या गाठीमुळे, आणि त्याला दुबळेपणा म्हणणे हा त्या मुलावर अन्याय आहे. आपल्याकडे नावडतीचे मीठ अळणी म्हणतात. ज्या पदार्थाची पहिली ओळखच बळजबरीने झाली, त्याच्या चवीचा निवाडा तुम्ही निर्मळ मनाने कधी केलेलाच नाही.

पानात टाकायचे नाही, या नियमामागची भावना मला समजते. ज्या पिढीने तो घालून दिला, तिने रेशनच्या रांगा आणि १९७२ चा दुष्काळ पाहिलेला होता. अन्न वाया घालवणे तिला खरोखर सहन होत नसे. पण वाया न घालवणे आणि गिळायला लावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पानात कमी वाढले, तर पहिली साधते आणि दुसरीची वेळच येत नाही.

जन्मजात फरकाचाही थोडा विचार करायला हवा. १९३१ मध्ये आर्थर फॉक्स या रसायनशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत एका रसायनाची भुकटी हवेत उडाली. त्यांच्या सहकाऱ्याला ती जिभेवर कडू लागली, फॉक्स यांना मात्र काहीच जाणवले नाही. पुढे कळले की ही कडवट चव कळणे वा न कळणे आनुवंशिक आहे. कोबी, फ्लॉवर, मुळा आणि मोहरीचा पाला यांच्या कुळात त्याच जातीची काही द्रव्ये असतात, त्यामुळे या भाज्या काहींना इतरांपेक्षा खरोखरच अधिक कडवट लागतात. एकाच ताटात जेवणाऱ्या दोन माणसांना एकच कोबी सारखा लागत असेलच असे नाही. "आम्हाला तर काही कडू लागत नाही" हे आईंचे म्हणणे प्रामाणिक असू शकते, आणि तुमचा अनुभवही तितकाच खरा असू शकतो. मात्र जन्मजात फरकाने सुरुवात ठरते, शेवट ठरत नाही.

कारण या वयात आवड बदलते का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर निःसंशय होय असे आहे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, ही म्हण निदान जिभेला लागू पडत नाही. तुम्हीच आठवून पाहा : तुमचा चहा किंवा कॉफी, झणझणीत तर्रीची मिसळ, कडकडीत लसणाचा ठेचा यांपैकी कोणती गोष्ट तुम्हाला चौथ्या वर्षी आवडत होती? कडू आणि तिखट या दोन्ही चवी माणूस सवयीने आपल्याशा करतो. मिठाचे तर अधिक स्पष्ट आहे. अमेरिकेत १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही प्रौढांनी अनेक महिने कमी मिठाचे जेवण घेतले, तेव्हा हळूहळू त्यांना कमी खारट पदार्थच अधिक आवडू लागले. लहान मुलांवरच्या अभ्यासांतून असे दिसले आहे की नवा पदार्थ स्वीकारला जायला तो साधारण आठ ते पंधरा वेळा चाखावा लागतो, आणि नुसते पाहून भागत नाही, जिभेवर ठेवावा लागतो. आपण मोठी माणसे बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या वेळीच निकाल देऊन मोकळी होतो. तुम्ही दुधीला आजवर किती वेळा, भूक असताना, कोणी पाहत नसताना आणि संपवण्याची अट नसताना चाखले आहे? मला वाटते, एकदाही नाही.

तुम्ही केलेले तीनही प्रयत्न मला प्रामाणिक वाटतात, पण त्यांतला एकही आवड घडवणारा नव्हता. नाक दाबून रस पिण्याने जिभेला एवढेच कळते की ही गोष्ट नाक दाबून घेण्याच्या लायकीची आहे. तो तुम्ही आजपासून थांबवावा. यात सुरक्षिततेचाही मुद्दा आहे, तो इतर वाचकांनीही लक्षात ठेवावा. क्वचित एखादा दुधी कडू निघतो, आणि त्या कडूपणाला कारण असलेली द्रव्ये विषारी असतात. असा रस प्यायल्याने गंभीर आजारी पडल्याच्या आणि मृत्यूच्याही घटना आपल्या देशात घडल्या आहेत. म्हणूनच दुधी चिरताना आधी लहानसा तुकडा जिभेवर ठेवून पाहतात आणि कडू लागला की थुंकून अख्खा दुधी टाकून देतात. तुमची जीभ कडूपणाला बिचकते, ते नेहमीच चुकीचे नसते.

तीस दिवसांचा संकल्प मोडला, त्याचेही वाईट वाटून घेऊ नका. बिनफोडणीच्या, बिनमिठाच्या उकडलेल्या भाज्या हे मराठी स्वयंपाकघराने कधी जेवण मानलेलेच नाही. पौष्टिक म्हणजे बेचव, हे समीकरण कुठून आले कोण जाणे, पण त्याने फार लोकांना भाज्यांपासून दूर नेले आहे. चमचाभर तेलाची हिंग-मोहरीची फोडणी, मूठभर दाण्याचे कूट, ओले खोबरे, आमसूल, लिंबू यांमुळे भाजीचा गुण कमी होत नाही. उलट मीठ आणि आंबट यांनी कडवटपणा दबतो, हे आपल्या आज्यांना प्रयोगशाळेशिवाय ठाऊक होते.

राहिला कणकेतला पालक. तुमच्या पत्नीचा हेतू प्रेमाचा होता, आणि दोन-दोन भाज्या करून दमलेल्या माणसाने शोधलेला तो मार्ग होता, हे तुम्ही मान्य करावे. पण लपवून घातलेल्या भाजीने आवड निर्माण होत नाही, कारण जिभेला ती कोणाची चव आहे हेच कळत नाही. शिवाय एकदा फसगत झाली की माणूस पुढच्या प्रत्येक पोळीकडे संशयाने पाहतो. त्याच पालकाच्या पोळ्या तुम्हाला सांगून, तुमच्यासमोर कणीक मळून केल्या, तर ती उत्तम पायरी आहे. मिसळायला हरकत नाही, पण ते उघडपणे व्हावे. मेथीचे थालीपीठ, कोबीच्या वड्या, दुधीचे मुटके हे सारे उघड मिसळण्याचेच प्रकार आहेत, आणि तुम्हाला कोथिंबीर वडी आवडते म्हणजे त्या वाटेवर तुम्ही आधीच उभे आहात. फक्त वड्या वाफवून थोड्या तेलावर परताव्यात. तळायला घेतल्या तर डॉक्टरांचा दुसरा सल्ला मोडेल.

माझी मुख्य सूचना आपल्या पान वाढण्याच्या पद्धतीतूनच येते. पानाची डावी बाजू आणि उजवी बाजू तुम्हाला माहीत आहे. उजवीकडे भाजी, आमटी, उसळ, म्हणजे पोटभर खायचे पदार्थ. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे. डावीकडचे चमचाभरच वाढतात आणि बोटाच्या टोकाने चाखतात, आणि ते कितीसे खाल्ले याची कोणी विचारपूस करत नाही. तुमच्यासारख्या माणसाला नव्या भाजीशी ओळख करून घ्यायला याहून चांगली जागा नाही. पुढचे काही महिने नवी भाजी तुमच्या पानात उजवीकडे येऊच नये. ती डावीकडे, चमचाभर यावी. उजवीकडे तुमच्या ओळखीचे वरण-भात, पोळी, उसळ असू द्या, म्हणजे उपाशी राहण्याची भीती नको. जेवणाच्या सुरुवातीला, भूक तीव्र असतानाच तो एक चमचा चाखावा. आवडला तर आणखी घ्यावा, नाही तर तेवढ्यावर थांबावे. चमचाभरच असल्याने पानात टाकण्याचाही प्रश्न उरत नाही.

सहा आठवड्यांसाठी दोनच भाज्या निवडा आणि त्या दर दोन-तीन दिवसांनी, शक्यतो वेगवेगळ्या रूपांत, डावीकडे येऊ द्या. एका लहान वहीत तारीख, रूप आणि नेमके काय खटकले एवढे लिहावे : वास, मऊपणा, धागे, बिया, साल. "आवडली नाही" असे लिहू नये, कारण त्यातून पुढच्या वेळी काय बदलायचे ते कळत नाही. "बिया दाताखाली आल्या" असे लिहिले तर पुढच्या वेळी बिया काढता येतात.

पहिली भाजी म्हणून मी भेंडी सुचवेन, कारण तुमची तिच्याबद्दलची तक्रार संपूर्णपणे करण्याच्या पद्धतीतून दूर होऊ शकते. भेंडीचा चिकटपणा पाणी लागले की वाढतो. म्हणून ती अख्खी धुवावी, प्रत्येक भेंडी फडक्याने कोरडी पुसावी आणि मगच चिरावी. सुरी आणि पाटही कोरडे हवेत. चिरताना बारीक सुतासारख्या तारा सुटताना दिसतील, त्यांना बिचकू नका. चकत्या ताटात पसरून पंख्याखाली अर्धा तास ठेवाव्यात. लोखंडी कढई किंवा तवा चांगला तापवून, तेल-मोहरी-हिंगावर चकत्या एका थरात पसराव्यात, आणि झाकण अजिबात ठेवू नये, कारण वाफ कोंडली की सारे मुसळ केरात. सुरुवातीला तारा वाढल्यासारख्या वाटतात, तिथेच घाबरून पाणी घालणारे लोक मी पाहिले आहेत. सात-आठ मिनिटे धीर धरून मधूनमधून परतत राहिले की तारा आटतात, कडा तपकिरी होतात आणि उलथण्याला लागणारा आवाज बदलतो. ओल्या सरकण्याऐवजी कोरडी खरखर ऐकू येते. मीठ त्यानंतर घालावे, आणि दोन आमसुले किंवा लिंबाचा रस. यातली एक चकती उचलून खाऊन पाहा. कुरकुरीत काचऱ्या आवडणाऱ्या माणसाला ती परकी वाटू नये.

दुसरी भाजी कोबी घ्यावी, पण शिजवलेला नाही. कोबी फार वेळ शिजला की त्याला तो उग्र गंधकी वास सुटतो आणि अनेकांचे वैर त्या वासाशीच असते. अगदी बारीक, केसासारखा चिरलेला कच्चा कोबी, दाण्याचे कूट, खोबरे, लिंबू, मीठ आणि वरून हिंग-मिरचीची चरचरीत फोडणी, अशी पचडी जेवायला बसण्याच्या आधी पाच मिनिटे करावी, म्हणजे पाणी सुटत नाही. खमंग काकडी याच वाटेवरची. दोडक्याच्या शिरा फेकण्याऐवजी तीळ घालून खरपूस परतलेली चटणी पोळीबरोबर घेऊन पाहावी, आणि ती आवडली तर पुढे कधी दोडक्याकडे वळावे. तुम्हाला पावभाजी चालते, म्हणून घोटलेल्या रूपांनाही जागा द्यावी : लाल भोपळ्याचे दह्यातले भरीत, भाजलेल्या वांग्याचे भरीत, घोटलेली ताकातली पालकाची पातळ भाजी. मात्र पालेभाज्यांना तिसऱ्या महिन्याआधी हात लावू नका. आणि शेपू कधीच आवडला नाही तरी काही बिघडत नाही. बाजारात इतक्या भाज्या आहेत की एक-दोन कायमच्या वगळण्याचा हक्क कोणालाही असावा.

आता एक गोष्ट थोडी स्पष्ट बोलतो. तुमच्या पत्रात भाज्या कोण आणते, कोण निवडते, कोण शिजवते याचा उल्लेख फक्त "पत्नीला दोन भाज्या कराव्या लागतात" एवढाच आहे. वर सांगितलेला सगळा खटाटोप तुम्ही स्वतः करावा, त्यांच्यावर तिसऱ्या भाजीचा भार टाकू नये. न्यायाचा भाग आहेच, पण याने काम लवकर होते म्हणूनही मी आग्रह धरतो. जी भाजी तुम्ही स्वतः निवडली, पुसली, चिरली, जिचा कच्चा वास आणि फोडणीत बदललेला वास दोन्ही घेतले, ती पानात येईपर्यंत अर्धी ओळखीची झालेली असते. शिवाय कोणता तुकडा किती मऊ ठेवायचा हे तुमच्या हातात राहते. आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळची एक भाजी किंवा कोशिंबीर तुमची, असे ठरवून घ्या. बाकीच्या दिवशी घरात जी भाजी होईल तिच्याबरोबर तुम्ही वरण, उसळ किंवा दही घ्यावे आणि वेगळ्या काचऱ्यांचा आग्रह सोडावा.

आईंशी मात्र एकदा शांतपणे बोलावे लागेल. त्यांना एवढेच सांगा : "आई, मी प्रयत्न करतोय. दोन-तीन महिने माझ्या पानाकडे बघून काही बोलू नकोस. नावही ठेवू नकोस, कौतुकही करू नकोस." कौतुकालाही मज्जाव करतो आहे, कारण "अगंबाई, खाल्लीस की रे!" या वाक्याने चाखणारा माणूस पुन्हा सातवीतला मुलगा होतो. आई त्या नियमाचा पुरस्कार करणाऱ्यांपैकी होत्या की नाही हे तुम्ही लिहिलेले नाही. असल्या, तरी जुना हिशोब आता मांडू नये.

मुलीबद्दलची तुमची चिंता मला रास्त वाटते, पण तिच्यासमोर खोटे खाण्याचे नाटक करू नका. मुलांना ते ताबडतोब कळते. तिने विचारले तर खरे उत्तर द्या : "मला ही भाजी अजून आवडत नाही, पण मी तिची ओळख करून घेतोय. तू घेतेस का एक चमचा माझ्याबरोबर?" यातल्या "अजून" या शब्दाला फार मोल आहे. तिने नको म्हटले तर तिथेच विषय सोडावा. तुम्हाला जे मिळाले नाही, ते म्हणजे नकार देण्याची मुभा, ती तिला द्यावी. रोज न चुकता, शांतपणे एक चमचा चाखणारे बाबा तिने पाहिले, की तिला आणखी काही शिकवावे लागत नाही.

समारंभांत "मी भाजी खात नाही" असे जाहीर करू नका, कारण त्यावर प्रश्न, आग्रह आणि उपदेश हे तिन्ही ओढवतात. "थोडेसेच वाढा, चव बघतो" एवढे पुरते. आपल्याकडे आग्रह हा पाहुणचाराचा भाग असल्याने वाढणाऱ्याला नकारापेक्षा हे वाक्य अधिक रुचते.

तुमच्या तपासणीतल्या आकड्यांकडे वळतो. ५.७ ते ६.४ एचबीए१सी ही मधुमेहपूर्व अवस्था मानली जाते, आणि ती गांभीर्याने घ्यावी अशीच आहे, पण भाज्यांशी मैत्री होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याची गरज नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी रोज सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे सुचवली आहेत. हा आकडा आज तुम्हाला डोंगराएवढा वाटेल. तो वर्षभरानंतरचा समजा. बटाट्याला मात्र या हिशोबात धरू नये. जागतिक आरोग्य संघटना फळे-भाज्यांची शिफारस करताना बटाट्यासारखे पिष्टमय कंद वगळते. तोवर जे तुम्हाला आवडते त्यातच फेरबदल करा. भाताची वाटी अर्धी करून वरण दाट आणि दुप्पट घ्या. मोडाच्या मटकी-मुगाची उसळ, मूठभर भाजलेले दाणे किंवा फुटाणे, सालासकट पेरू किंवा सफरचंद यांचा पोत तुम्हाला खटकण्याचे कारण दिसत नाही. पोह्यांत मटार आणि दाणे वाढवा, भजी महिन्यातून एकदाच ठेवा. संध्याकाळी पाच-सहाला वेफर्स-फरसाणाने पोट भरले तर रात्री डावीकडचा चमचा नकोसा वाटणारच, तेव्हा ती वेळ फुटाणे आणि ताकावर निभावावी. तंतुमय पदार्थ एकदम वाढवले तर पोट फुगते आणि दोष पुन्हा भाजीवर येतो, म्हणून वाढ सावकाश करावी आणि पाणी पुरेसे प्यावे. एचबीए१सी रक्तातल्या साखरेची साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगते. त्यामुळे पुढची तपासणी कधी करायची आणि औषधाची गरज आहे का, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

आणखी एक बाब, जी तुमच्यापेक्षा कदाचित दुसऱ्या एखाद्या वाचकासाठी अधिक महत्त्वाची असेल. काही माणसांचा नकार चोखंदळपणाच्या पुढे गेलेला असतो. खाद्यपदार्थांची यादी वर्षागणिक आक्रसत जाते, वजन घटते, रक्तक्षय किंवा बी-१२ ची कमतरता वारंवार निघते, घास घशात अडकेल किंवा उलटी होईल या भीतीने खाणेच टळते, प्रवास आणि नातेसंबंध यांवर परिणाम होतो. अशा अवस्थेला वैद्यकशास्त्रात एआरएफआयडी, म्हणजे अन्न टाळण्याचा किंवा फारच मर्यादित खाण्याचा विकार, म्हणतात आणि २०१३ पासून मानसिक विकारांच्या अमेरिकी वर्गीकरणात तिची स्वतंत्र नोंद आहे. वजन वा रूप यांच्या काळजीशी तिचा संबंध नसतो. अशांनी चमच्यांच्या प्रयोगावर विसंबू नये. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ आणि आहारतज्ज्ञ या दोघांचीही मदत घ्यावी, आणि घरच्यांनी "नाटके" हा शब्द वापरू नये. तुमच्या पत्रावरून तुम्ही त्या टोकाला आहात असे मला वाटत नाही, पण तीन महिने शांतपणे प्रयत्न करूनही चमचाभर भाजी समोर येताच घसा आवळत राहिला, तर सातवीतल्या त्या गाठीबद्दल एखाद्या तज्ज्ञाशी बोलण्यात काहीच कमीपणा नाही.

येत्या रविवारी सकाळी मुलीला घेऊन मंडईत जावे. पाव किलोच भेंडी घ्यावी, बोटाएवढी, कोवळी, लव असलेली. कोवळ्या भेंडीचे टोक हलके दाबले की कट्कन मोडते, आणि जून भेंडीचे नुसते वाकते. घरी आल्यावर एकेक भेंडी पुसायचे फडके तिच्या हातात द्या, आणि चिरायला तुम्ही बसा.